गुडघ्याची दोरी आणि हाडाचा उतार

आपल्या मराठी भाषेने गुडघ्याला फारशी बरी वागणूक दिलेली नाही. ज्याला अक्कल कमी, त्याची अक्कल आपण गुडघ्यात आहे म्हणतो. लग्नाला उतावीळ झालेल्या नवरदेवाचे बाशिंग आपण त्याच्या गुडघ्याला बांधतो. हार मानली की माणसाला गुडघे टेकायला लावतो. आणि आपलेपणाचा पक्षपात दिसला की गुडघे शेवटी पोटाकडेच वळायचे, असे म्हणून सुस्कारा टाकतो. गेली वीस वर्षे मी हे वाक्प्रचार वर्गात शिकवीत आलो. परंतु ज्या सांध्याच्या जिवावर एवढे वाक्प्रचार उभे आहेत, तो सांधा स्वतः कशाच्या जिवावर उभा आहे, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली माझ्याच एका विद्यार्थ्याने.

आमच्या कोपरीतला मुलगा. रेल्वेचे रूळ एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये दाटीवाटीने वसलेली आमची वस्ती. ठाण्या-मुंबईच्या अशा वस्त्यांतून कबड्डी हा नुसता खेळ नसतो. ती नोकरीची वाट असते. पोलीस, रेल्वे, बँका यांच्या खेळाडूंच्या राखीव जागांकडे डोळे लावून कितीतरी मुले पहाटे लाल मातीत उतरतात. हाही त्यांतलाच. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर पेंगणारा, परंतु चढाईला निघाला की वाऱ्यासारखा.

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. एका सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे परतताना त्याने एकदम दिशा बदलली. पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि शरीर वळले. ‘टक्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. अंगाला कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता! संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. तपासणीत निघाले की गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, खेळाडूंच्या भाषेत एसीएल, पूर्ण तुटला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. आठव्या महिन्यात तो मैदानावर परतला. आणि जानेवारी २०२३ मध्ये, तशाच एका वळणावर, नवा बसविलेला अस्थिबंधही तुटला.

“सर, माझंच नशीब फुटकं,” तो म्हणाला. मी त्याला धीर दिला. परंतु खरे सांगायचे तर माझेही मत तेच झाले होते. दुसऱ्या वेळी ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांचे मत मात्र निराळे पडले. त्यांनी नशिबाचे नाव काढले नाही. त्यांनी हाडाचा कोन मोजला.

नावेच्या फळ्या

हा कोन समजण्यासाठी आधी सांधा समजला पाहिजे. सुश्रुताने शरीरातल्या सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत गुडघ्याला त्याने बोटे, मनगट, घोटा आणि कोपर यांच्या पंक्तीत ‘कोर’ म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यांत बसविले आहे. जानु हे मर्म असून तेथे इजा झाली की माणूस लंगडा होतो, असेही त्याने नोंदविले आहे. सांधे बांधून ठेवणाऱ्या स्नायूंविषयी त्याने दिलेला दृष्टान्त तर आम्हां खाडीकाठच्या लोकांना चटकन पटावा असा आहे. फळ्यांची नाव पुष्कळ बंधांनी घट्ट बांधली की जशी माणसांचा भार घेऊन पाण्यावर तरते, तसे हे शरीर बंधांनी बांधलेल्या सांध्यांमुळे भार पेलते, असे तो म्हणतो.

गुडघ्यात अशा दोन मुख्य फळ्या आहेत. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे. मांडीच्या हाडाचे टोक गोलसर, आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गोल धोंडा पाटावर ठेवावा तशी ही बैठक. दोहोंच्या मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या, समोर वाटी. एवढ्या मांडणीवर सांधा टिकणार कसा? तो टिकतो बंधांवर. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक, आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांना छेद देणारे दोन. या दोहोंपैकी पुढचा, ज्याला मी माझ्या सोयीसाठी ‘पुढचा फुलीबंध’ म्हणतो, तो मांडीच्या हाडाच्या मागल्या भागातून निघून नडगीच्या माथ्याच्या पुढल्या भागाला येऊन मिळतो. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. परंतु निरोगी तरुण माणसात तो सुमारे २,१६० न्यूटन, म्हणजे अदमासे २२० किलोचा ताण सोसूनच तुटतो. नडगी मांडीच्या खालून पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना गुडघा पिळू द्यायचा नाही, ही त्याची मुख्य कामगिरी.

हा बंध सांध्यातल्या वंगणात बुडालेला असतो. त्यामुळे तुटल्यावर रक्ताची गाठ धरून तो हाडासारखा सांधला जाणे कठीण. लीड्सच्या मेयो रॉबसन या शल्यवैद्याने १८९५ साली एका खाणकामगाराचे तुटलेले फुलीबंध टाके घालून शिवले. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी शिवण्याचा नाद सोडून मांडीवरच्या आवरणाची पट्टी हाडांतून ओवली व नवा बंध केला. आज दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया त्याच कल्पनेची वारस आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंचे किंवा वाटीजवळचे कंडरे काढून घ्यायचे आणि हाडांत बोगदे पाडून त्यांतून ते बसवायचे. आमच्या मुलाचे पहिल्या वेळी हेच झाले होते, आणि पद्धतशीर झाले होते. मग दोरी पुन्हा तुटली का?

पुलाच्या चढावरची हातगाडी

दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बाजूने काढला. शिवाय कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय दिसतील असा उभ्याने काढलेला लांब एक्स-रेही मागविला. नडगीच्या दांड्याच्या मधोमध त्यांनी एक रेघ ओढली, तिला काटकोनात दुसरी, आणि नडगीच्या माथ्यावरून तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमधला कोन म्हणजे माथ्याचा उतार. आपणां सर्वांच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला थोडा उतरता असतो. साधारण ५ ते १० अंश. आमच्या मुलाचा भरला १६ अंश! घरी येऊन माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मी तो स्वतः पुन्हा मोजला. मास्तरांची खोड, दुसरे काय!

या सोळा अंशांचा अर्थ मला डॉक्टरांनी आमच्याच कोपरीच्या पुलावर नेऊन समजावला. म्हणजे बोलण्यात नेऊन. “मास्तर, पुलाच्या चढावर भंगाराची हातगाडी उभी आहे, असं समजा. ती मागे घसरू नये म्हणून वरच्या टोकाच्या खुंटीला दोरीनं बांधली आहे. गाडी म्हणजे मांडीचं हाड, चढ म्हणजे नडगीचा माथा आणि दोरी म्हणजे तुमचा फुलीबंध. गाडीत माल भरला तर काय होईल?”

“दोरी ताणेल.”

“आणि चढ आणखी उभा केला तर?”

“अधिक ताणेल.”

“मग दोरी तुटली म्हणून आपण तिथं नुसती नवी दोरी बांधली. चढ होता तसाच ठेवला.”

एवढे ऐकल्यावर नशिबाची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

हा विचार केवळ दृष्टान्ताचा नाही. फ्रान्समधल्या लिऑन येथील आंरी देजूर आणि बॉनँ यांनी १९९४ साली माणसांना एका पायावर उभे करून एक्स-रे काढले. माथ्याचा उतार दहा अंशांनी वाढला की नडगी सहा मिलिमीटर अधिक पुढे येते, असे त्यांना आढळले. बंध शाबूत असलेल्या गुडघ्यातही, आणि तुटलेल्यातही. ऑस्ट्रेलियातल्या वैद्यांनी बंध बदललेल्या रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून २०१३ साली लिहिले की, ज्यांचा उतार १२ अंश वा अधिक होता, त्यांच्यात पुन्हा इजा होण्याचा संभव सुमारे पाचपट होता.

गमतीची गोष्ट अशी की, या बाबतीत कुत्र्यांचे डॉक्टर माणसांच्या डॉक्टरांच्या मागे मुळीच नव्हते. कुत्रा सदैव गुडघे दुमडून उभा राहतो, आणि त्याच्या नडगीचा माथा माणसापेक्षा कितीतरी उतरता. वीस अंशांच्याही पुढे. त्यामुळे मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा हा बंध झिजून तुटणे नित्याचे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील बार्कले स्लोकम या पशुवैद्याने दोरी बदलण्याच्या भानगडीत न पडता नडगीचा माथा गोल करवतीने कापून, फिरवून, सपाट केला आणि ती रीत १९९३ साली प्रसिद्ध केली. आज पाळीव कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया जगभर होते.

फेंगडे पाय आणि आजीची मालिश

उतार हा बाजूने पाहिलेला कोन. समोरून पाहिले की दुसरा कोन दिसतो. खुब्याच्या गोळ्यापासून घोट्यापर्यंत सरळ दोरा धरला तर तो गुडघ्याच्या मध्याजवळून जावा. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर तो गुडघ्याच्या आतल्या बाजूने जातो. मग भार आतल्या गादीवर पडतो आणि बाहेरचे बंध ताणले जातात. फुलीबंध तुटलेल्या माणसाचे पाय असे वाकलेले असले, आणि प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर ढकलला जात असला, तर नवा बंध फार काळ टिकत नाही. अशा वेळी आधी हाडाची रेघ सरळ करावी लागते. याउलट, गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील तर भार बाहेरच्या अंगाला जातो आणि आतला बंध ताणला जातो.

म्हणून वाकडे पाय दिसले की घाबरायचे काय? मुळीच नाही. बेल्जियममध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरोगी तरुण पुरुषांपैकी ३२ टक्क्यांचे आणि तरुणींपैकी १७ टक्क्यांचे पाय तीन अंश वा अधिक असे बाहेर वाकलेले निघाले. आणि त्यांची काही तक्रार नव्हती! तान्ह्या मुलाचे पाय फेंगडे असतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेच गुडघे आत वळतात, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास आपोआप वळणावर येतात. आपल्याकडे मूल कडेवर घेतल्याने पाय फेंगडे होतात म्हणून सुनेला बोलणी बसतात, आणि आजीच्या तेल-मालिशीने ते सरळ झाले म्हणून आजीला मान मिळतो. दोन्ही गोष्टींत हाडाने मात्र आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच काम केलेले असते. सूर्यप्रकाशाच्या व पोषणाच्या अभावाने झालेला मुडदूस, किंवा एकच पाय वाकत जाणे, या गोष्टी मात्र निराळ्या. त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

आमच्या मुलाचे पाय समोरून चार अंश वाकलेले होते. चालताना गुडघा बाहेर ढकलला जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, “हा कोन तसाच राहू द्या. तो त्याचा स्वतःचा आहे. दोषी आहे तो दुसरा.” हा विवेक मला फार मोलाचा वाटला. मोजता येते ते सारेच दुरुस्त करायचे नसते.

“दात दुखतो म्हणून कान कापतात?”

आता प्रश्न पडला मुलाच्या आईला. नडगीच्या माथ्याच्या खाली पुढच्या बाजूने हाडाची पाचर कापून काढायची, मागचे कवच बिजागरीसारखे शाबूत ठेवायचे, फट मिटवून पट्टी आणि स्क्रू बसवायचे. आणि मग नवा बंध. पाचर पुढच्या अंगाला अदमासे एक मिलिमीटर जाड काढली की उतार साधारण एक अंशाने कमी होतो. हे सारे कागदावर ठीक. परंतु ती माउली मला म्हणाली, “सर, तुटलंय लिगामेंट, आणि हे कापायला निघालेत चांगलं हाड! दात दुखतो म्हणून कान कापतात का कुणी?”

तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मी तोच प्रश्न जरा शुद्ध भाषेत डॉक्टरांना विचारला. त्यांनी काही लपविले नाही. हाड कापण्याची शस्त्रक्रिया मोठी आहे. हाड जुळायला वेळ लागतो, काही आठवडे कुबड्या सुटत नाहीत. जंतुसंसर्गाचे, हाड न जुळण्याचे धोके असतात. उतार फार कमी केला तर गुडघा मागे झुकू लागतो आणि मागच्या फुलीबंधावर ताण येतो. तेव्हा सपाट करायचे नाही, बेताचे करायचे. ज्याचा बंध पहिल्यांदाच तुटला आहे अशा प्रत्येकाचे हाड कापणे म्हणजे मूर्खपणा होईल. कारण उतार जास्त असूनही ज्यांचा बंध जन्मभर टिकतो अशी माणसे पुष्कळ आहेत. ज्याचा नवा बंधही तुटला आणि उतार बारा अंशांच्या पुढे आहे, त्याच्याच बाबतीत हा विचार करायचा. आणि ज्या मुलांची हाडे अजून वाढीला लागली आहेत, त्यांच्या नडगीच्या माथ्याशी असली कापाकापी करायचीच नाही.

“न केले तर?” मी विचारले.

“तर तो चालेल, नोकरी करील. वळणं, उड्या मारणं सोडावं लागेल. वारंवार गुडघा निसटत राहिला तर गाद्या फाटतील आणि चाळिशीतच सांधा झिजेल. कबड्डीत परतायचं असेल तर तिसरी दोरी त्याच चढावर बांधायला मी तयार नाही.”

त्या रात्री ती तिघे माणसे, मुलगा, आई आणि वडील, काय बोलली ते मला ठाऊक नाही. सकाळी मुलाचा फोन आला : “सर, करून टाकू.” त्याचे वय एकोणीस होते.

हाडापलीकडचे

शस्त्रक्रिया २०२३ च्या जूनमध्ये झाली. उतार सोळाचा आठ झाला. नवा बंध वाटीच्या वरच्या कंडऱ्यातून घेतला. सहा आठवडे कुबड्या, आणि त्यानंतर खरी तपश्चर्या सुरू झाली : मांडीच्या स्नायूंची, खुब्याच्या स्नायूंची, एका पायावर तोल धरण्याची.

याच काळात मला आणखी एक गोष्ट कळली, आणि खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे बंध बहुतेक वेळा धक्क्याने तुटत नाहीत. धावता धावता थांबताना, वळताना, उडी मारून खाली येताना तुटतात. त्या क्षणी गुडघा आत कोसळतो. हे कोसळणे हाडाचे नसते, तर दमलेल्या किंवा न शिकविलेल्या स्नायूंचे असते. हाडाचा कोन जन्माबरोबर आणि वाढीबरोबर आलेला. स्नायूंची शिस्त मात्र शिकता येते. गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून, हलके उतरणे हे आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटे घोटवून घेतले तर इजा कमी होतात, हे फुटबॉलच्या मैदानांवर सिद्ध झालेले आहे. मुलींना तर याची अधिक गरज, कारण त्याच खेळात मुलींचा हा बंध मुलांपेक्षा अधिक वेळा तुटतो. आपल्या कबड्डीचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला दाखविले. १९९० साली तो खेळ आशियाई स्पर्धेत गेला. २०१४ पासून त्याची व्यावसायिक लीग निघाली. माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले. मातीत पाय थोडा घसरतो आणि गुडघ्याला सूट देतो. मॅटवर बूट घट्ट धरून राहतो, आणि पिळाचा सगळा हिशेब गुडघ्याला चुकवावा लागतो. खेळ बदलला, तर सरावही बदलायला नको काय?

दुसरी गोष्ट उतावळेपणाची. बसविलेला कंडरा हा आरंभी निर्जीव दोराच असतो. शरीर त्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालते आणि त्याचा बंध बनविते. त्याला महिने लागतात. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर जाणाऱ्यांचे बंध पुन्हा तुटण्याचे प्रमाण अधिक आहे. आमचा मुलगा पहिल्या वेळी आठव्या महिन्यात गेला होता, कारण निवड चाचणी जवळ आली होती. म्हणजे सोळा अंशांबरोबर आम्हां सर्वांच्या घाईचाही त्या तुटण्यात वाटा होता. गुडघ्याला बाशिंग बांधणे म्हणतात ते हेच!

विनेश फोगट यांचा गुडघा २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये निकामी झाला. त्यांनी २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुसरा गुडघा गेला; शस्त्रक्रिया आपल्या मुंबईत झाली; आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. आमच्या मुलाने त्यांचे छायाचित्र भिंतीला लावले होते. परंतु प्रत्येकाचा गुडघा विनेशचा नसतो, हेही खरे.

तो चौदाव्या महिन्यात मैदानावर परतला. चढाईला नव्हे, कोपऱ्यात, बचावाला. पहिली चपळाई आली नाही. निवड चाचण्यांची दोन वर्षे गेली ती गेलीच. खेळाडूंच्या जागेवरची नोकरी त्याला मिळाली नाही. तो आता बी. ए. झाला आहे, एका कार्यालयात लागला आहे, आणि संध्याकाळी लहान मुलांना कबड्डी शिकवितो. त्याच्या तालमीत पहिली वीस मिनिटे कोणी कबड्डी खेळत नाही. मुले नुसत्या उड्या मारतात आणि खाली उतरतात. तो समोर उभा राहून एकेकाचा गुडघा पाहत असतो. “आत घेऊ नको! पुन्हा मार!”

२०२२ च्या दिवाळीत नरकचतुर्दशीला या मुलाने खुर्चीवर बसून अभ्यंगस्नान केले होते, आणि २०२३ च्या दिवाळीतही. २०२४ च्या दिवाळीला मी फराळाला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तो पाटावर मांडी घालून बसला होता. त्याच्या आईने माझ्यापुढे ताट ठेवले आणि त्याच्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, “सर, वाकतोय बघा नीट.” चकली तोंडात असल्यामुळे मी नुसती मान हलविली.